घटस्फोटाचा वकील नेमकं काय शिकलेला असतो?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत, टेक्सासला असते. तिच्यावर घटस्फोटाची वेळ आली. तिनं ज्या वकीलबाई नेमल्या त्यांची माहिती मला फोनवर वाचून दाखवली. पदवी कुठली, किती वर्षं फक्त कौटुंबिक खटले चालवले, कोणत्या मंडळाची खास परीक्षा दिली, सगळं त्यात होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या शेजारच्या मुलीच्या पोटगीसाठी तिच्या वडिलांबरोबर मी पंढरपूरच्या कोर्टात गेलो. तिथल्या पाट्यांवर बी.ए., एलएल.बी. किंवा बी.कॉम., एलएल.बी. यापलीकडे काही नाही. मग नवरा-बायकोच्या दाव्यांचा वकील वेगळं काही शिकलेला असतो का? असल्यास आमच्यासारख्यांनी ते ओळखायचं कसं?
ता. क. गावातले एक गृहस्थ म्हणतात, कोर्ट-कचेरी कशाला, पाचशेच्या स्टँपवर नोटरीसमोर सोडचिठ्ठी करून टाका. चालतं का?
– एक निवृत्त शिक्षक, करकंब (ता. पंढरपूर)

उत्तर : गुरुजी, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर तुमची दिशाभूल होईल. नवरा-बायकोच्या दाव्यांसाठी आपल्याकडे वेगळी पदवी नाही, वेगळी परीक्षा नाही, वेगळा परवानाही नाही. ज्या सनदेवर खुनाचा खटला चालवता येतो आणि बांधाचा दावा लावता येतो, तिच्यावरच घटस्फोटाचा अर्जही दाखल करता येतो. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टला वकिलांचे दोनच वर्ग माहीत आहेत : सिनिअर अ‍ॅडव्होकेट आणि उरलेले सगळे. 'कौटुंबिक कायद्याचे वकील' हा वर्ग लोकांनी अनुभवातून पाडलेला आहे. तालुक्याच्या कोर्टात कुणालाही विचारा, पोटगीचं काम कुणाकडे द्यावं आणि कुणाकडे देऊ नये हे दोन मिनिटांत कळतं. कागदावर मात्र ते कुठंच नसतं.

पाट्या मुक्या असण्याचं कारण वकिलांचा विनय नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांत ३६ वा नियम आहे. वकिलानं जाहिरात करायची नाही, गिऱ्हाईक ओढायचं नाही, पाटी बेताच्या आकाराची ठेवायची, आणि आपण अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत असं पाटीवर किंवा लेटरहेडवर लिहायचं नाही. म्हणजे 'घटस्फोट स्पेशालिस्ट' असा फलक तुम्हाला कुठं दिसला, तर त्या वकिलाची हुशारी सिद्ध होत नाही, नियम मोडल्याचं मात्र सिद्ध होतं. २००८ मध्ये या नियमाला थोडी खिडकी पाडली गेली. आपल्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं एवढं देता येतं. पंढरपूरच्या जुन्या वकिलांपैकी किती जणांचं संकेतस्थळ असणार, हा प्रश्न वेगळा.

हा नियम मला निम्मा पटतो. तो नसता तर वेशीवेशीवर 'तीन महिन्यांत मोकळे व्हा' असे फ्लेक्स लागले असते, वर वकीलसाहेबांचा गॉगल लावलेला फोटो. पण त्यापायी होतं असं की ज्या बाईला पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढायची आहे तिला माहिती मिळवायला एकच मार्ग उरतो, कानगोष्टी. आणि त्या सांगणारे बहुधा पुरुष असतात, बहुधा तिच्या सासरच्यांना ओळखणारे.

तुमच्या भाचीकडची पद्धत याच्या अगदी उलट आहे. टेक्सासमध्ये १९७४ पासून वकिलांच्या विशेष प्रावीण्याला प्रमाणपत्र देणारं मंडळ आहे : टेक्सास बोर्ड ऑफ लीगल स्पेशलायझेशन. कौटुंबिक कायद्याचं प्रमाणपत्र हवं तर आधी किमान पाच वर्षं वकिली झालेली असावी लागते, त्या विषयातलं भरीव काम दाखवावं लागतं, सोबतचे वकील आणि न्यायाधीश यांचा अभिप्राय घेतला जातो आणि वर सहा तासांची लेखी परीक्षा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मात्र तिथंही हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. ते नसलेला वकील घटस्फोटाचं काम घेऊ शकतो. फरक एवढाच की ज्यानं कष्ट घेतले त्याला ते सांगायची मुभा आहे.

आता आपल्याकडच्या शिक्षणाकडे येतो. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. दोन्हीसाठी राज्याची सीईटी. म्हणून पाटीवर बी.ए., बी.कॉम., क्वचित बी.एस्सी. अ‍ॅग्रीसुद्धा दिसतं, ती आधीची पदवी असते. तुमच्या भागातली मुलं सोलापूरच्या दयानंद लॉ कॉलेजात जातात, काही पुण्याला. बार कौन्सिलनं ठरवलेल्या सक्तीच्या विषयांत कौटुंबिक कायद्याचे दोन पेपर आहेत. त्यात विवाह, घटस्फोट, पोटगी, दत्तक, पालकत्व, वारसा, आणि हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी असे सगळे व्यक्तिगत कायदे कोंबून बसवलेले. या व्यतिरिक्त दावे-कैफियती लिहिण्याचा एक पेपर, व्यावसायिक नीतीचा एक, तडजोड-मध्यस्थीचा एक आणि अभिरूप न्यायालयाचा एक. म्हणजे कुठलाही एलएल.बी. झालेला माणूस कौटुंबिक कायदा वाचून पास झालेला असतोच. किती वाचून, ते त्याचं त्याला ठाऊक.

पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे नाव नोंदवून सनद घ्यायची. यासाठी राज्याराज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी सांगितलं की कायद्यात आहे तेवढीच फी घ्या : खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ही २०१० च्या सुमारास आली. २०२३ मध्ये घटनापीठानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. शंभर प्रश्न, त्यातले कौटुंबिक कायद्याचे आठ. परीक्षेत कायद्याचं पुस्तक उघडून बघता येतं.

आणि इथं गुरुजी, मला न पटणारी गोष्ट येते. एवढं झालं की तो मुलगा किंवा ती मुलगी दुसऱ्या दिवशी तुमच्या शेजारच्या मुलीचं वकीलपत्र घेऊ शकते. मध्ये कुठंही सक्तीची उमेदवारी नाही. १९९५ मध्ये बार कौन्सिलनं एक वर्षाच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा नियम केला होता. तो नियम करण्याचा अधिकारच कौन्सिलला नाही, असं सांगून सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये तो रद्द केला. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर असेल, पण संसदेनंही नंतर ती फट बुजवली नाही. गंमत पाहा, त्याच सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. कारण दिलं ते हेच, की कोर्ट न पाहिलेला माणूस न्यायासनावर बसला की अडचणी होतात. समोर उभं राहून एखादीचं आयुष्य मांडणाऱ्याला मात्र एका दिवसाचाही अनुभव नसला तरी चालतं.

म्हणून खरं शिक्षण जे होतं ते सिनिअरकडे. 'कुणाकडे ज्युनिअर होतात?' हा वकिलाला विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, आणि कुठल्याही वकिलाला त्याचा राग येत नाही, उलट कळी खुलते. ज्युनिअर आधी कारकुनी शिकतो. वकीलपत्रावर कोर्ट फी आणि वकील कल्याण निधीचं तिकीट लावणं, रोजनामा पाहणं, तारीख डायरीत उतरवणं, सिनिअर दुसऱ्या कोर्टात अडकले तर मुदतीचा अर्ज देणं. मग हळूहळू मसुदे. सोलापूर जिल्ह्यातल्या कोर्टात कामकाजाची भाषा मराठी. १९९८ च्या अधिसूचनेपासून खालच्या न्यायालयांसाठी तसं ठरलेलं आहे. त्यामुळे बाईनं रडत, मागंपुढं करत सांगितलेली हकिगत तारीखवार, मुद्देसूद आणि तरीही तिचीच वाटेल अशा मराठीत उतरवणं, हे पहिलं मोठं कसब. इंग्रजी नमुन्यातून उचललेले आरोप वाचले की न्यायाधीशांना लगेच कळतं. सगळ्याच अर्जांत नवरा 'दारूच्या आहारी' आणि सगळ्याच कैफियतींत बायको 'तापट व हेकेखोर' असते, तेव्हा कुणाचंच कुणी खरं धरत नाही.

ज्युनिअरला यासाठी पैसे किती मिळतात हे विचारू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती. घरची परिस्थिती बेताची असेल तर उमेदवारी अर्धवट सोडून लवकर स्वतंत्र बसावं लागतं, आणि त्याची किंमत पहिले काही अशील मोजतात.

तालुक्याच्या कोर्टात या कामाला आणखी एक पदर आहे. सोलापूर शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. पंढरपूर तालुक्याचं तसं नाही. इथं एकाच मोडलेल्या संसाराचे तुकडे वेगवेगळ्या कोर्टांत पडतात. घटस्फोटाचा किंवा 'नांदायला ये' असा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. पोटगी, जिला तुमच्याकडे अजूनही खावटी म्हणतात, ती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पूर्वीचं फौजदारी संहितेचं १२५ कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्जही दंडाधिकाऱ्यांकडेच. छळाची फिर्याद करकंब पोलीस ठाण्यात दिली असेल तर तो सरकारी खटला, जुनं ४९८-अ, आताचं न्याय संहितेचं ८५. अपिलाची वाटही फुटते. पंढरपूरच्या वरिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात जायचं. सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर थेट उच्च न्यायालयात. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरसाठी उच्च न्यायालय म्हणजे मुंबई नव्हे, कोल्हापूरचं सर्किट बेंच.

तेव्हा इथल्या वकिलाला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बाजू याव्या लागतात. एका कोर्टात लिहिलेलं वाक्य दुसऱ्या कोर्टात उलटतं. पोटगीच्या अर्जात 'मी आजही नांदायला तयार आहे' आणि घटस्फोटाच्या अर्जात 'एकत्र राहणं अशक्य' असं एकाच महिन्यात लिहिलं गेलं की उलटतपासणीत समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी धरतो. हे भान पुस्तकातून येत नाही. पंढरपुरात फक्त कौटुंबिक काम करणारा वकील शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. वाटणीचे दावे, सातबाऱ्याच्या नोंदी, चेक बाउन्स हे सगळं त्याच टेबलावर असतं. मला यात कमीपणा वाटत नाही. गावाकडचा संसार मोडतो तेव्हा जमीन आपोआप मधे येते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण उत्पन्नाच्या शपथपत्राचं. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यायची, आणि पोटगी मंजूर झाली तर ती अर्जाच्या तारखेपासून. या शपथपत्राचे नमुने निकालालाच जोडलेले आहेत. शहरी नोकरदारांसाठी एक आणि शेती करणाऱ्यांसाठी वेगळा. शेतीचा नमुना वाचताना मला तुमचाच भाग दिसत होता. जमीन किती, बागायत की जिरायत, पिकं कोणती, गेल्या तीन वर्षांत त्यातून उत्पन्न किती, कुणाची वाट्यानं केली आहे का, गाई-म्हशी-शेळ्या-कोंबड्या किती, त्यांच्यापासून मिळतं किती.

आता नवरा म्हणतो, 'साहेब, जमीन वडिलांच्या नावावर आहे, मी मजुरी करतो.' कामाचा वकील इथं गप्प बसत नाही. तो सातबारा आणि आठ-अ काढतो, फेरफार पाहतो, दावा सुरू झाल्यावर घाईनं बक्षीसपत्र झालंय का ते बघतो. साखर कारखान्याला ऊस कुणाच्या नावानं गेला, बिल कुणाच्या खात्यावर जमा झालं, द्राक्षं कुठल्या व्यापाऱ्यानं उचलली, डेअरीचं दूधबिल कुणाचं, सोसायटीचं पीककर्ज कुणी घेतलं, याचे कागद मागवण्यासाठी अर्ज देतो. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाचं उत्पन्न कोर्टाला पटवून देणं हे ग्रामीण पोटगीच्या कामाचं निम्मं शास्त्र आहे. शहरात फक्त प्राप्तिकराची विवरणपत्रं चाळणाऱ्या नामांकित वकिलाला ते जमेलच असं नाही. शेजारच्या मुलीच्या वकिलांनी हे शपथपत्र मागितलं का, समोरच्याकडून दाखल झालं का, एवढं नक्की विचारा.

दुसरी परीक्षा, ते नवे निकाल वाचतात का? नवरा बहुतेक वेळा 'नांदायला ये' अशी नोटीस पाठवतो, मग तसा हुकूमनामा मिळवतो आणि ती आली नाही म्हणून पोटगी नको म्हणतो. वर्षानुवर्षं हा डाव चालला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की तेवढ्या हुकूमनाम्यामुळे पोटगीचा हक्क आपोआप जात नाही. ती का गेली नाही हे कोर्टानं पाहायचं. संमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची थांबणी योग्य प्रकरणात माफ करता येते, हा निकाल २०१७ चा. ज्यांना हे माहीत नाही ते अशिलाला उगाच घाबरवून ठेवतात.

सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात प्रकरण गेलं असतं तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली असती. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं १३ वं कलम सांगतं की इथं वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही. कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते, पण कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते यातून कळतं : वकील आले की भांडण वाढतं. म्हणून त्यांनी विवाह समुपदेशक आणून बसवले. समुपदेशकाचं शिक्षण वकिलाहून निराळं असतं, समाजकार्य किंवा मानसशास्त्रातलं. लोक या दोघांची गल्लत करतात आणि वकिलानं समजूत घालावी, समुपदेशकानं पोटगी ठरवावी अशी अपेक्षा धरतात. काही वकील मध्यस्थीचं ४० तासांचं प्रशिक्षण घेतात. ते घेतलेला माणूस वाटाघाटीत वेगळा ओळखू येतो.

धर्म आणि प्रांत बदलला की अभ्यासही बदलतो. मुस्लिम स्त्रीचा घटस्फोटाचा दावा १९३९ च्या कायद्याखाली चालतो, ख्रिश्चनांचा १८६९ च्या. गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा. तिथं लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. मडगावात मुरलेला वकील पंढरपुरात आला तर त्याला बरंच नव्यानं वाचावं लागेल, आणि इथला तिथं गेला तरी तेच.

या पेशाची मुळं शोधत मागं गेलं की दोन नावं सापडतात, त्यातलं एक तर तुमच्या तालुक्याच्या कोर्टातलं. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी पंढरपूरला सब-जज्ज होते. वारीच्या गावात टाकून दिली जाणारी अर्भकं आणि त्यांच्या विधवा आया ही त्या काळची उघडी जखम होती. त्यांनी १८७५ मध्ये तिथं बालकाश्रम सुरू केला. पुढं प्रार्थना समाजानं तो चालवला. निकालपत्र लिहून जे सुटत नव्हतं ते त्यांनी असं हाती घेतलं.

दुसरं नाव कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६ चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी हातात पडली १९२२ मध्ये. भारतात स्त्रीला वकिली करता येत नव्हती. म्हणून १९०४ पासून त्या बंगालकडच्या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'च्या सल्लागार झाल्या आणि पडद्यातल्या विधवांच्या व अल्पवयीन वारसांच्या मालमत्तेची प्रकरणं पाहू लागल्या. बाहेरच्या पुरुषाशी बोलायची सोय नसलेल्या बायका त्यांना घरात बसवून हकिगत सांगत. स्त्रियांना वकिलीचा दरवाजा उघडणारा कायदा १९२३ मध्ये आला. म्हणजे त्यांनी कौटुंबिक कायद्यात उमेदवारी पूर्ण केली, तीही सनदेशिवाय.

आता तुमचं 'ओळखायचं कसं'. वकीलपत्राचा कागद हातात घ्या. त्यावर वकिलाचा सनद क्रमांक असतो, आकडा आणि त्याच्यापुढं वर्ष. ते वर्ष म्हणजे सनद मिळाल्याचं. डोक्यावरच्या पांढऱ्या केसांपेक्षा हा पुरावा पक्का. काही जण नोकरी करून उतारवयात सनद घेतात. काही तिशीतच दहा वर्षं मुरलेले असतात. दुसरं, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोर्ट निवडून वकिलाच्या नावानं प्रकरणं शोधता येतात. पंढरपूरच्या कोर्टात त्यांची विवाहविषयक प्रकरणं आहेत का, निकाली निघालेली किती, हे तुमचा नातूसुद्धा मोबाइलवर काढून देईल. आकड्यावर भाळू नका. निकाली निघणं म्हणजे जिंकणं नव्हे, आणि चांगला वकील बरीच प्रकरणं कोर्टात जाण्याआधीच मिटवतो.

फीबद्दल एक सांगतो. 'पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के द्या' असं कुणी म्हणालं तर उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या २० व्या नियमानं मनाई आहे. तसंच ज्यानं एका बाजूला सल्ला दिला किंवा तिची कागदपत्रं तयार केली, त्याला त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूनं उभं राहता येत नाही, हा ३३ वा नियम. गावात दोन्ही घरांचा एकच 'घरचा वकील' असतो तिथं हे मुद्दाम तपासावं. ज्याच्याकडे दोन्ही बाजू चहा पितात, त्याच्याकडे मुलीला पाठवू नका.

ता. क. चं उत्तर : चालत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच होतो. कलम २९ नं रूढीनं चालत आलेला घटस्फोट शाबूत ठेवला आहे, पण अशी रूढी त्या जातीत आहे आणि ती सलग पाळली गेली आहे, हे ज्याचं म्हणणं त्यानं सिद्ध करायचं असतं, आणि ते सोपं नाही. पाचशेच्या स्टँपवर नोटरीनं शिक्का मारला म्हणून लग्न मोडत नाही. त्या कागदाच्या भरवशावर एकानं दुसरं लग्न केलं की द्विविवाहाचा गुन्हा उभा राहतो, आणि दुसरीच्या मुलाबाळांचे वारसाहक्क पुढच्या पिढीपर्यंत कोर्टात लोंबकळतात. वकीलही असे कागद करून देतात का? करणारे आहेत. अशांच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लांबूनच नमस्कार करा.

शेवटी तुमच्या पत्रात नसलेली, पण शेजारच्या मुलीच्या उपयोगाची एक गोष्ट. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाखाली कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पंढरपूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं साध्या कागदावर अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. लोक नाक मुरडतात, फुकटचा वकील कसला म्हणून. पण या पॅनेलवर नाव घ्यायचं तर २०१० च्या नियमांप्रमाणे वकिलाची सहसा किमान तीन वर्षं वकिली झालेली लागते, जी अट बाहेर फी घेऊन उभ्या राहणाऱ्याला नाही. शिवाय त्याच नियमांत दिवाणी, फौजदारी, कामगार अशी निरनिराळी पॅनेलं ठेवायची सोय आहे, आणि त्या यादीत वैवाहिक तंट्यांचं पॅनेल नाव घेऊन सांगितलेलं आहे. समितीच्या कार्यालयात गेलात की त्याच पॅनेलची यादी मागा.